बोरतळीचे लाल शिक्के

"बाई, ह्या चिठ्ठ्या दोन आयांच्या हायत," आप्पा बोराटे म्हणाले आणि अंगठा जिभेला लावून त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली.

बोरतळीच्या शाळेत, चौथीच्या वर्गात, आम्ही दोघं सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो. समोर उघडी मतपेटी, शेजारी चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे. दार आतून लावलं होतं, पण खिडकीच्या गजांना निम्मं गाव लोंबकळत होतं आणि आमच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं.

"दोन आयांच्या म्हणजे काय आप्पा?"

"शिक्का एक, रंग दोन. ह्यो बघा जांभळा, ह्यो बघा लाल. माझी सारी नोकरी एस्टीत तिकिटं फाडण्यात गेली. एकाच गाडीत एकाच दराची दोन रंगांची तिकिटं दिसली, की समजायचं, कंडक्टर घरी माडी बांधतोय."

"पण लाल सगळ्या एकाच गठ्ठ्यात आहेत."

"त्येच तर सांगतोय. टोपलीच्या गठ्ठ्यात. नारळाच्या गठ्ठ्यात औषधाला लाल न्हाई."

आता आम्ही दोघं तिथं काय करत होतो ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही पोस्टातली बाई मतपेटीत हात घालून कशी बसली.

माणदेशातल्या त्या पाच गावांत एक फार चांगली रीत होती. कमिटी देवळाची असो, जत्रेची असो की पाण्याची, मतं पडली आणि हरलेल्याला शंका आली, की बाहेरगावची दोन माणसं बोलवायची. त्यांनी कुलपं, चिठ्ठ्या, शिक्के, मतदानाच्या खोल्या, सगळं तपासायचं. या माणसांना म्हणायचे तिऱ्हाईत. अट एवढीच की त्या गावात त्यांची सोयरीक नको. आणि तपासणीत जे निघेल ते शाळेच्या ओट्यावर उभं राहून, कारणासकट, सगळ्या गावासमोर बोलायचं. कारण सांगता आलं नाही तर मतदान रद्द. कुणाच्या कानात सांगणं नाही, मागाहून कळवतो म्हणणं नाही.

सोयरीक नसलेलं माणूस त्या भागात सापडणं मोठं मुश्कील. मी मूळची नागोठण्याची, बदली होऊन शेजारच्या हिवरटाक्याच्या पोस्टात आलेली, लग्न व्हायचं होतं. मी आयतीच तिऱ्हाईत ठरले. आप्पा बोराटे हिवरटाक्याचेच, त्यांचे सोयरे ढीगभर. पण एकूण एकाशी भांडून बसलेले, म्हणून तेही चालून गेले.

निवडणूक पाण्याच्या कमिटीची होती. अध्यक्ष माणिकराव काळेल, सगळे त्यांना नाना म्हणत, त्यांची निशाणी नारळ. त्यांच्यासमोर उभी होती सुलाबाई दडस, निशाणी टोपली. सुलाबाई उभी राहिली तेव्हा गावानं तोंडाला पदर, उपरणं, जे हाताला येईल ते लावून हसून घेतलं होतं. तिचं म्हणणं एकच होतं. पाणी सकाळी सोडा.

कारण बोरतळीत नळाला पाणी यायचं रात्री दोन वाजता. कधीकाळी वीज फक्त रात्री मिळायची, तेव्हा ती वेळ पडली. पुढे वीज दिवसा आली, पण पाण्याची वेळ नानांनी बदलली नाही. नाना वाईट माणूस मुळीच नव्हता. त्यांचं म्हणणं, "दिवसा नळावर भांडणं हुत्यात. रात्री कशी शांतता आसती. बोरतळीसारखं शिस्तीचं पाणी तालुक्यात न्हाई." खरंच होतं ते. शांततेत पाणी यायचं आणि गावातल्या झाडून सगळ्या बायका शांततेत उठून ते भरायच्या. सात वर्षं त्या गावातली एकही बाई रात्रभर सलग झोपली नव्हती.

आणि अशा गावात सुलाबाई पाच-पंचवीस मतांनी निवडून आली. नानांच्या माणसांनी मोजणीच्या वेळीच बोंब ठोकली, की हे लाल शिक्के बाहेरून आले, कुणीतरी चिठ्ठ्या छापून पेटीत घातल्या.

दार वाजलं. नानाच होते. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर घडी घातलेलं उपरणं.

"काय म्हणतात चिठ्ठ्या?" ते आत न येता उंबऱ्यावरूनच म्हणाले.

"तपासतोय नाना."

"तपासा तपासा. मला काही खुर्चीचा सोस न्हाई बाई. पण एक सांगतो. माझ्या घरात, पुतण्याच्या घरात, समद्या भावकीत मी सोता विचारलंय. समदे म्हणाले नारळ. आमच्या घरातलं मत कुठं जात न्हाई. मग ही मतं आली कुठनं? आभाळातनं पडली?"

ते इतक्या खात्रीनं बोलत होते की मलाही वाटायला लागलं, कुठंतरी पाणी मुरतंय खरं.

बाहेर ओट्याच्या कडेला सुलाबाई बसली होती. चाळिशीची, काटक बाई. बोलायची तिला बंदी, तपासणी संपेपर्यंत उमेदवारानं तिऱ्हाइताशी बोलायचं नसे. नाना तो नियम विसरले होते, ती विसरली नव्हती. ती नुसती माझ्याकडे बघत होती. कुणी तिला चोर म्हटलं नव्हतं, पण तिच्याशेजारी बसायलाही कुणी तयार नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना.

"आप्पा, रद्द झालं तर?"

"रद्द झालं तर पुन्हा मतं. पण ती दिवाळी झाल्यावर. मधी उन्हाळा, मग पेरणी, मग काढणी, कुणाला येळ न्हाई. तवर जुनी कमिटी."

म्हणजे अख्खा उन्हाळा पाणी रात्री दोनलाच. आम्ही खोल्या बघायला उठलो.

मतदान दोन खोल्यांत झालं होतं, पुरुषांचं एकीत, बायकांचं दुसरीत; पेटी मात्र एकच, व्हरांड्यात. पुरुषांच्या खोलीत सगळं जागच्या जागी. शिक्का होता, शाईचं पॅड होतं, आप्पांनी बोट लावलं तर बोट जांभळं. ते बोट त्यांनी माझ्या नजरेला नजर देत भिंतीला पुसलं.

बायकांच्या खोलीवर अंगणवाडीची मंदा होती. चटपटीत पोरगी, एरवी पोस्टात आली की तासभर बोलणारी. आज विचारलं तेवढ्याला मान हलवत होती.

"मंदा, इथलं पॅड कुठाय?"

तिनं खिडकीकडे बोट केलं. खिडकीत पॅड उन्हाला वाळत घातलं होतं. स्वच्छ, पांढरं, नुकतंच धुतलेलं.

"धुतलंस?"

"धूळ बसली हुती बाई."

"अगं, शाईचं पॅड कुणी धुतं का?"

मंदा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली. बाहेरच्या व्हरांड्यात बायका बसल्या होत्या, चांगल्या चाळीस-पन्नास जणी. मी त्यांच्याकडे वळून विचारलं, "काल शिक्का कुठल्या रंगाचा उठत होता, कुणी सांगेल का?"

कुणी सांगेना. एकीनं पोराला पाजायला घेतलं, एकीनं डोळ्यांत न गेलेलं कुसळ काढलं, एक म्हातारी तर चक्क झोपेचं सोंग घेऊन घोरायला लागली. बायकांचा एवढा मोठा घोळका आणि चकार शब्द नाही. म्हटलं, संपलं. या सगळ्याजणींना काहीतरी ठाऊक आहे आणि ते चांगलं नाही.

"चला बाई, ओट्यावर," आप्पा म्हणाले. "पुरावा धुऊन वाळत घातलाय. आनी काय बघायचं राहिलं? रद्द."

"थांबा हो जरा. तुमची गाडी सुटत नाहीये."

त्यांना आणि मंदाला बाहेर बसवून मी खोलीत एकटी राहिले. शिक्का उचलला. तो धुवायचा मात्र मंदाला सुचलं नव्हतं. रबराच्या खाचेत लाल काहीतरी बसलं होतं. नखानं काढलं, बोटावर चोळलं, नाकाशी नेलं. खोबरेल तेलाचा वास. आणि तो लाल रंग तर मी रोज सकाळी आरशासमोर बघत होते. कुंकू होतं ते.

मागे दार लोटल्याचा आवाज आला. नानांची बायको, अनसूयाबाई, आत येऊन दाराला पाठ लावून उभी होती. गाव तिला नानी म्हणायचं. ठेंगण्याठुसक्या अंगाची, भलंमोठं कुंकू लावणारी बाई.

"सापडलं?" ती म्हणाली.

"कुंकू आहे नानी."

"माझंच हाय. काल सकाळी शिक्का उठंना. पॅड पार वाळून खडखडीत झालेलं. मंदी रडकुंडीला आली, बायांची रांग लागलेली. मी म्हनलं थांब, घरातनं करंडा आणला, तेलात कुंकू कालवलं आन् पॅडावर थापलं. मग काय, दणादणा शिक्के उठले. त्यात काय वाईट केलं?"

"काहीच नाही. मग हे आधीच का नाही सांगितलंत? पॅड कशाला धुवायला लावलं?"

नानी म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. जरा इचार करा की."

मी विचार केला. लाल शिक्के बायकांच्या खोलीतले. लाल शिक्के सगळेच्या सगळे टोपलीवर. नारळावर एकही नाही. नानांच्या पुतण्याच्या बायकोचा नाही, भावकीतल्या कुणाचा नाही. आणि...

"नानी," मी म्हटलं, "तुमचंसुद्धा?"

तिनं पदराचं टोक दातात धरलं. हसू आवरायला धरलं होतं हे मला नंतर कळलं.

"कुनालाच ठावं नव्हतं वो. सुलीला मत देते म्हनून मी कुणाजवळ बोलले न्हाई, मला कुणी बोललं न्हाई. जिनं तिनं आपापल्या मनात. मला वाटलं, हरायची हाय बिचारी, निदान माझं एक तरी पडू दे तिला. काल सांजच्याला हे घरात आले, तरातरा बोलाया लागले, लाल समदे तिकडं, आमच्यात एकबी लाल न्हाई म्हनून. मी भाकरी थापत हुते. बाई, तवा मला कळलं की मी एकटी न्हवते. समद्याजणी हुत्या. मला असलं हसू फुटलं, असलं हसू फुटलं, चुलीत तोंड घालून हसले. ह्येंला वाटलं धुरानं ठसका लागला."

"आणि बाकीच्या?"

"समद्या घरांत तेच. रात्री पाण्याला गेलो तर एकमेकींकडं बघून नुसत्या फिदीफिदी. पन मग भ्या वाटलं. लाल म्हंजे बाया, हे गडीमाणसांला कळलं तर घराघरात तमाशा. मी म्हातारी झाले, मला कोन खातंय. पन नव्या पोरी हायत, सुना हायत. म्हनून नळावर ठरलं, कुणी तोंड उघडायचं न्हाई."

मी तिला खाली बसवलं आणि सरळ सांगितलं. कारण बोलल्याशिवाय आम्हाला मतदान पास करता येणार नाही. लाल शिक्का कुठून आला हे ओट्यावरून सांगावं लागेल. नाही सांगितलं तर सगळं रद्द, आणि दिवाळीपर्यंत पाणी रात्री दोनला. "मत गुप्त असतं नानी. तुमचं झाकलेलं उघडं करायचा मला काही अधिकार नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही सांगणार. पण मग सुलाबाईंवरचा डागही जाणार नाही."

दिवाळीचं ऐकून नानीच्या तोंडावरचं हसू गेलं. तिला ते माहीत नव्हतं. तिनं गुडघ्यावर हात ठेवले, उठली, दार उघडलं आणि व्हरांड्यातल्या बायकांमध्ये जाऊन बसली. मी उंबऱ्यात उभी. ती हळूच बोलली, पण मला ऐकू येत होतं.

"बायांनो, सांगितलं तर घरात बोलणी. न्हाई सांगितलं तर दिवाळीपातूर रातचं पानी. एकीची जरी ना असंल, तरी ह्या बाई सांगायच्या न्हाईत. जिची ना असंल तिनं आत्ता बोला."

घोरणारी म्हातारी पहिल्यांदा उठून बसली. "माझी कसली ना? मला रातचं दिसत न्हाई, दोनदा पडले नळावर. सांगा म्हनावं."

मग एकेक मान हलायला लागली. शेवटी राहिली ती नानांच्या पुतण्याची नवी बायको, आरती. हातातला हिरवा चुडाही अजून उतरला नव्हता. तिनं हळू आवाजात विचारलं, "सासूबाई, घरी विचारलं तर मी काय सांगू?"

"घरी मी हाय न्हवं," नानी म्हणाली. "माझ्याकडं लावून द्यायचं."

आरतीनं मान हलवली. मी आप्पांना गाठून सगळं सांगितलं. आप्पांचे खांदे गदगद हलायला लागले. हिवरटाक्याला परत आल्यावर ते म्हणाले की आयुष्यात शेवटचं कधी हसलो ते आठवत नव्हतं.

आम्ही ओट्यावर चढलो. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. आप्पांनी घसा खाकरला आणि एस्टीत पुढं सरका म्हणायच्या आवाजात सुरुवात केली.

"कुलपं बरोबर. सील बरोबर. चिठ्ठ्यांचा मेळ बरोबर. एकबी चिठ्ठी बाहेरची न्हाई. आता ऱ्हायला रंग." ते माझ्याकडे वळले. "ते बाई सांगतील."

मी सांगितलं. वाळलेलं पॅड, कुंकू, खोबरेल. "जांभळा शिक्का पुरुषांच्या खोलीतला आहे. लाल शिक्का बायकांच्या खोलीतला आहे. मतदान योग्य झालं. सुलाबाई दडस निवडून आल्या."

क्षणभर पुरुषांच्या बाजूला नुसतं ऊन पडलेलं होतं. मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला आणि तो पडताना मी प्रत्यक्ष पाहिला. एकानं मान वळवून बायकोकडे बघितलं. मग दुसऱ्यानं. मग तर सगळ्या माना वळल्या. बायका खाली बघून बसल्या होत्या आणि त्यांचे पदर हलत होते.

नाना उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"बाई, नारळावर लाल किती म्हनालात?"

"एकही नाही नाना."

"एकबी न्हाई." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. सगळ्या गावाच्या देखत ते बायकोकडे वळले. "आगं, तूबी? आगं, तुला पानी सकाळचं पाहिजे हुतं तर मला सांगायचं की."

नानी उठली. घाबरली नव्हती, चिडलीही नव्हती. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बोलावं तशी सहज बोलली.

"सात वर्सं तोंडानं सांगितलं. काल शिक्का मारून सांगितलं."

पहिलं हसू कुठून आलं माहीत नाही. बहुतेक त्या म्हातारीचं. मग बायकांची बाजू फुटलीच. खदखदून हसत होत्या, एकमेकींच्या पाठीत धपाटे घालत होत्या, डोळे पुसत होत्या. सुलाबाईला कुणीतरी ओढून मधे नेलं. ती हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "उद्यापासनं सकाळी सहाला पानी." तिचं अध्यक्ष म्हणून पहिलं भाषण तेवढंच. पुरुषांतही कुणीतरी हसलं, मग दुसरा हसला. तमाशा करायचा तर कुणी कुणाकडे बोट दाखवायचं? सगळ्यांच्याच घरातलं मत गेलं होतं. नाना तेवढे उभेच होते. थोड्या वेळानं त्यांनी कंबरेची नळाच्या खोलीची किल्ली सोडली आणि सुलाबाईच्या हातात दिली.

निघताना मात्र आम्हाला त्यांनी हट्टानं घरी नेलं. हरलो तरी तिऱ्हाइताला बिनचहाचं सोडायचं नाही, म्हणाले. गावातून जाताना मला काहीतरी वेगळं वाटत होतं. भर दुपारची वेळ, पण ओट्यांवर धुणं नाही, निवडण नाही, एक बाई म्हणून दिसेना. दारं नुसती लोटलेली. शाळेतून घरी गेल्या त्या सगळ्याजणी आडव्या झाल्या होत्या. उद्यापासून झोपायचं होतं, पण बहुतेक कुणाला तेवढा धीर निघाला नाही.

नानांनी आम्हाला सोप्यात घोंगडं अंथरून बसवलं. "आगं ए," अशी हाक देत ते आत गेले, आणि पुढची हाक आलीच नाही. मग भांड्यांचे आवाज यायला लागले, अगदी जपून जपून केलेले. एक डबा उघडला, बंद झाला. दुसरा उघडला. बराच वेळ गेला. आप्पा रंगात आले होते, दहिवडीच्या घाटात त्यांनी एकदा एका आमदाराला अर्ध्या तिकिटासाठी गाडीतून कसं उतरवलं होतं ते मला हातवारे करून सांगत होते.

नाना बाहेर आले. दोन्ही हातांत एकेक कप, बशा नाहीत. चहा काळाकुट्ट, वर न विरघळलेल्या साखरेचे खडे. पाऊल न वाजवता ते आमच्यापर्यंत आले, कप खाली ठेवले आणि माजघराच्या दाराकडे एकदा वळून बघितलं.

"आप्पा," ते म्हणाले, "जरा हळू बोला. झोपलीय ती."